वर्गात काय सांगतो, ग्रुपवर काय करतो



आज समोर बसलेल्यांत काही जण बी.एड. करताहेत, काही शिकवणी घेतात, काही मराठी शाळेत शिकवतात. बाकीचे कुठल्या ना कुठल्या ग्रुपचे ॲडमिन आहेतच! मुलांना मोबाईल वापरायला शिकवावं लागत नाही, उलट तीच आपल्याला शिकवतात. पण मोबाईल हातात असताना नागरिक म्हणून वागायचं कसं, हे कोण शिकवणार?

हा विषय किती जीवावरचा आहे ते आधी बघा. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं पोटासाठी फिरत तिथं पोचली होती. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ठार मारलं. दोन आठवड्यांच्या आत, आपल्यासारख्याच सीमेवरच्या बीदर जिल्ह्यात, हैदराबादहून आलेल्या मित्रांनी वाटेत मुलांना चॉकलेट दिलं. त्यांचा व्हिडिओ त्यांच्या गाडीच्या आधी पुढच्या गावात पोचला. तिथं लोकांनी रस्ता अडवला आणि एकाचा जीव गेला. पुढे ज्यांना अटक झाली त्यांत व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनसुद्धा होता.

मारणारे सगळे अडाणी होते असं समजू नका. मेसेज वाचता येत होता, तपासता येत नव्हता. वाचायला शाळेने शिकवलं होतं. तपासायला कोणीच नाही.

ते शिकवता येतं. केरळच्या कण्णूर जिल्ह्यात २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीबद्दल अफवा पसरल्या आणि कितीतरी पालक मुलांना लस द्यायला तयार होईनात. तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी २०१८ मध्ये ‘सत्यमेव जयते’ नावाचा उपक्रम सुरू केला. सुमारे १५० सरकारी शाळांत खोटी बातमी कशी ओळखायची याचे तास झाले.

आपल्याकडे हे करायला वेगळा निधी लागत नाही. मराठीच्या किंवा समाजशास्त्राच्या तासातली पंधरा मिनिटं पुरेत. एक व्हिडिओ दाखवा आणि तीन प्रश्न विचारा: हे कुठलं? केव्हाचं? मुळात कोणी टाकलं? मग मुलांना शोधू द्या. दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे? गाडीचा नंबर केए २२ आहे की एमएच ०९? पोलिसांचा गणवेश कुठला? मेसेज जूनमधला आणि माणसं स्वेटर घालून, असं कसं? फोटो गूगल लेन्सवर टाकला की तो आधी कुठं कुठं येऊन गेलाय ते बऱ्याचदा कळतं. मेसेजवर दोन बाण दिसले तर तो खूप हातांतून आलाय. खूप हातांतून आला म्हणून खरा ठरत नाही. आपल्या पोरांना दोन-तीन भाषांतल्या पाट्या वाचता येतात. या कामात ती शहरी पोरांच्या पुढेच असतील.

पण खरी गोची पुढे आहे. मुलं आपलं ऐकत नाहीत, आपल्याला बघतात. वर्गात सर ‘खात्री करा’ म्हणतात आणि रात्री पालकांच्या ग्रुपवर तेच सर न बघता काहीतरी ढकलतात. बाई ‘खासगी माहिती देऊ नका’ सांगतात आणि चाचणीत नापास झालेल्यांची यादी नावांसकट ग्रुपवर टाकतात. मग पोरांनी शिकायचं काय? २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा नियम ठेवलाय. कायद्याचे बारकावे कंपन्या-संस्थांसाठी असतील, पण आपण एवढं तर करू शकतो: स्नेहसंमेलनाचा फोटो टाकण्याआधी त्या पोरीला विचारायचं, ‘टाकू का गं?’ ती नको म्हणाली तर टाकायचा नाही. संमती म्हणजे काय, हे तिला आयुष्यभर लक्षात राहील.

तसंच, एखाद्या पोराने मेसेज दाखवून ‘सर, हे खरं काय?’ असं विचारलं, तर ‘मला माहीत नाही, चल बघूया’ म्हणायला लाजू नका. तपासणारा मोठा माणूस पोरांना क्वचितच बघायला मिळतो.

आता आपल्या भागाचं. इथं दोन ड्रायव्हरांचं भांडणसुद्धा तासाभरात मराठी-कन्नड होतं. चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून फिरतो, बसवर दगड पडतो आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला जायला गाडी नसते ती आपल्याच पोरांना. म्हणून कायदा दोन्ही बाजूंनी शिकवा. आयटी कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. सरकारवर टीका करणं, आपल्या भाषेचा हक्क मागणं हा गुन्हा नाही, ते बिनधास्त करा. पण भाषेवरून दोन समाजांत वैर पेटवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि मोबाईलवरून केलेलंही त्यात धरलंय. हक्काची मागणी आणि शिवीगाळ यांतला फरक पोराला नववीत कळला, तर विसाव्या वर्षी कोर्टाच्या तारखा घालत बसावं लागणार नाही. आपली बाजू खरी असेल तर तिला खोट्या व्हिडिओचा टेकू कशाला हवा?

जाता जाता एकच काम देतो. या आठवड्यात तुमच्या ग्रुपवर एक तरी चुकीचा मेसेज येईल. पाठवणाऱ्या काकांना सगळ्यांसमोर झाडू नका. त्यांना वेगळा फोन करा, ‘काका, हे जुनं आहे, काढता काय?’ असं नीट सांगा. आणि ते करताना शेजारी एखादं शाळेतलं पोर बसलेलं असू द्या.