परिषदेस येणारा पाहुणा

आमच्या शहरात परिषदांच्या निमित्ताने परदेशस्थ मंडळींची ये-जा आता नवलाची राहिलेली नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत २७ व २८ या तारखांस जी-२० पैकी महिला गटाची बैठक येथेच भरली. विद्यापीठात तर लहानमोठी संमेलने चालूच असतात. अशा वेळी पाहुण्यांस धाडावयाच्या माहितीपत्रकाचा मसुदा करण्याचे काम पुष्कळदा निवृत्त शिक्षकांच्या माथी येते. आमच्या गारखेड्यात राहून मीही एकदा ते केले. त्यात मजकडून जी चूक घडली, ती सांगावी म्हणून आज आपणाशी बोलत आहे.

पत्रकात प्रथम यावे ते गावाचे नाव. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. परंतु परदेशातील जुन्या नकाशांत व प्रवासाच्या पुस्तकांत औरंगाबाद असेच आढळते. त्यातून बिहार प्रांतात आणखी एक औरंगाबाद आहे! सबब दोन्ही नावे लिहून पुढे ‘महाराष्ट्र’ हा शब्द घालावाच. चिकलठाण्याच्या विमानतळाची खूण तिकिटावर ‘आयएक्सयू’ अशी तीन अक्षरांत असते, तीही कळवावी. पाहुण्यास पारपत्राची तपासणी मुंबई, दिल्ली अशा मोठ्या ठिकाणी उरकून मग इकडचे विमान धरावे लागते. दोहोंमध्ये चार तास तरी राखावेत. परिषदेसाठी व्हिसाचा स्वतंत्र प्रकार आहे व त्यास संयोजकांचे निमंत्रणपत्र जोडावे लागते. तेव्हा ते पत्र वेळेवर धाडणे हे आपले काम.

पाहुणा आपल्याच घरी उतरणार असेल, तर आणखी एक गोष्ट. हॉटेलवाले परदेशी पाहुण्याविषयी जो नमुना भरतात, तो घरमालकासही भरावा लागतो आणि तोही पाहुणा आल्यापासून चोवीस तासांच्या आत. हे आपल्यातील पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांस ठाऊक नसते. चहापाणी आटोपले की पारपत्र मागून घ्यावे. त्यात संकोच करण्याजोगे काही नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. परिषद शनिवार-रविवारी होती. माझ्याकडे उतरले होते ते सिंहलद्वीपातील एक वृद्ध इतिहासशिक्षक. त्यांच्या देशात सिगिरियाच्या कड्यावर पाचव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. ती मुलांस दाखविता दाखविता यांचा जन्म गेला आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी एकवार डोळ्यांनी पाहावा, ही त्यांची जुनी इच्छा. परतीचे विमान मंगळवारी सकाळी. मधला सोमवार त्यांनी त्यासाठीच राखला होता.

पहाटे मोटार दाराशी आली. दशम्यांचे गाठोडे आत ठेवले, पाहुणे बसले. सारथी मागे वळून म्हणाला, “गुरुजी, आज सोमवार ना? अजिंठा बंद असतो.”

श्रोतेहो, मी त्या पत्रकात १८१९ साली इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याच्या दृष्टीस लेणी कशी पडली, हे सविस्तर लिहिले होते. सातवाहन लिहिले, वाकाटक लिहिले. अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद, एवढी एक ओळ तेवढी राहिली. पाहुण्यांस मी ते इंग्रजीत सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “दुसरे काय उघडे आहे?”

आम्ही वेरुळास गेलो. ते केवळ तीस किलोमीटर, आणि अजिंठा शंभर, म्हणजे दिशाही निराळी. कैलास पाहून त्यांनी हात जोडले खरे, परंतु पुष्कळ वेळ बसले ते दहाव्या लेण्यात, विश्वकर्मा चैत्यगृहातील बुद्धापुढे. मी बाहेर खांबाशी उभा राहिलो. आत जाण्याचे धैर्य झाले नाही.

तिकिटाच्या बाबतीत मात्र मी सावध होतो. परदेशीयांस तेथे सहाशे रुपये पडतात. परंतु सार्क व बिमस्टेक राष्ट्रांतील पाहुण्यांस आपल्याइतकेच, म्हणजे चाळीस. त्यासाठी मूळ पारपत्र दाखवावे लागते.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीचे पत्र आले. आजोबांस आता प्रवास झेपत नाही. तीच या हिवाळ्यात येणार आहे. मी उत्तर लिहिले. पहिल्या ओळीत दोन्ही वार घातले. खाली लिहिले की, फर्दापूरच्या फाट्याशी आपले वाहन सोडून लेण्यांपर्यंत सरकारी बसने जावे लागते, चित्रांवर झोताचा दिवा पाडता येत नाही, आणि आत अंधार असतो. तेव्हा डोळे सरावेपर्यंत पहिल्या लेण्यात घाई करू नये.