कवटीच्या हाडाची घनता : स्वागताध्यक्षीय भाषण

मेंदूला मार लागून सूज आली, की कवटीत तिला पसरायला जागा उरत नाही. अशा वेळी कवटीचा तुकडा काढून तो रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली किंवा उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये जपतात आणि सूज ओसरल्यावर परत बसवतात. बसवलेले हाड जगते की विरत जाते, हे पाहण्याचे काम त्यानंतरचे. त्यासाठी वऱ्हाडात जमलेल्या न्यूरोसर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि सीटी तंत्रज्ञ मंडळींचे मनःपूर्वक स्वागत.

या भागाला हा विषय परका नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला, वेग वाढला. हेल्मेटविना दुचाकी घसरली तर मार डोक्यालाच बसतो. जखमी अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात येतो, काही वेळा पुढे नागपूरला जातो.

बसवलेल्या हाडाची घनता मोजायची कशी? हाडांच्या ठिसूळपणासाठी वापरतात ती डेक्सा तपासणी मुख्यतः खुबा आणि मणक्यांसाठी. बसवलेल्या तुकड्यासाठी सीटीच हवा. सीटीतला आकडा हाउन्सफील्ड एककात येतो : पाणी शून्य, हवा उणे १०००, टणक हाड हजाराच्या आसपास किंवा वर. कवटीला बाहेरून-आतून टणक पत्रे आणि मधे जाळीदार थर असतो, त्यामुळे मापाचे वर्तुळ थोडे सरकले तरी आकडा बदलतो. विरणारा तुकडा पडद्यावर ओळखू येतो : जाडी उतरते, कडा कुरतडल्यासारख्या होतात, मधे भोके दिसू लागतात. लहान मुलांत आणि अनेक तुकडे झालेल्या हाडांत हा धोका अधिक.

मात्र एकटा आकडा फसवतो, हे ठासून सांगायला हवे. क्ष-किरण नळीचा दाब १२० केव्हीऐवजी १०० केव्ही ठेवला तर तेच हाड अधिक घन दिसते. तुकडा जोडणाऱ्या टायटॅनियमच्या पट्टीलगतच्या रेघा माप बिघडवतात. जाड काप घेतले तर पातळ हाडाची घनता कमी भरते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर लगेचचा सीटी हाच पुढच्या तुलनेचा पाया. रुग्ण एका गावी शस्त्रक्रिया करून दुसऱ्या गावी तपासणीला जातो, तेव्हा केवळ फिल्म पुरत नाही. मूळ प्रतिमांची सीडी आणि केव्ही, कापाची जाडी यांची नोंद सुटीच्या कागदांबरोबर जायला हवी. मग प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूच्या शाबूत हाडाशी तुलना करता येते.

तुकडा विरलाच, तर त्याच प्रतिमांतील शाबूत बाजू आरशासारखी उलटवून टायटॅनियमचा किंवा पीक या पॉलिमरचा नवा भाग बेतता येतो.