हिरड्यांचा इलाज आणि सरकारी दवाखाना
(लातूर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाच्या बैठकीत आम्ही दातांवर बोलतो म्हणून हसू नका. चाळिशीतच भाकरी दुधात कुस्करून खाणारी माणसे आपापल्या गावात मोजून पाहा.

हिरड्या सुजतात, चूळ भरली की रक्त येते, पण दुखत नाही. म्हणून आपण बसून राहतो. दाताच्या बुडाशी कीटण बसून दगडासारखे टणक होते आणि आतले हाड झिजते. पऱ्हाटीचे मूळ साबूत असले तरी बुडाची माती वाहून गेली की झाड लवंडते, तसा न किडलेला दातही हालू लागतो. गेलेले हाड सहसा परत येत नाही, राहिलेले मात्र धरून ठेवता येते. मशेरी लावणाऱ्या मायबहिणींनी रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. तंबाखूने रक्त कमी येते, रोग आत वाढतच असतो. साखरेचा आजार आणि हा रोग तर एकमेकांना वाढवतात.

इलाज म्हणजे मशीनने कीटण काढणे. त्याने दात ढिले होतात ही समजूत खोटी आहे. ते आधीच ढिले झालेले असतात, कीटणाने नुसते धरून ठेवलेले असतात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय दुसऱ्या खात्याचे, तिथे दर विचारून घ्या. महात्मा फुले योजनेचे कार्ड इथे कामाचे नाही. ती योजना २०१२ साली नांदेडात राजीव गांधींच्या नावाने आली, ती मुख्यतः दाखल होऊन करायच्या मोठ्या उपचारांची.

सूट-सबसिडीला नाके मुरडणारे आम्ही, आज फुकटाची गोष्ट कशी सांगतो, असे कोणी विचारील. फुकट कसले? काडेपेटीपासून डिझेलपर्यंत कर भरतोच की आपण!

आमच्या एका कार्यकर्त्याला एका दवाखान्यात उत्तर मिळाले, ‘मशीन बंद आहे, दात काढून देतो.’ त्याने दोन दात काढून घेतले. ते कदाचित वाचले असते. असे उत्तर मिळाले तर दात देऊ नका, उत्तर लेखी मागा. नाही दिले तर दहा रुपयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज होतो. हिरडीची शस्त्रक्रियाच लागली, तर मराठवाड्यातले सरकारी दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. लातूरहून जाण्या-येण्यातच दिवस मोडतो. म्हणून तालुक्यातले मशीन चालू राहायला हवे.

निलंग्याचे उपजिल्हा रुग्णालय असो की तुमच्या जवळचे ग्रामीण रुग्णालय, दंतवैद्य कोणत्या वारी बसतात आणि मशीन चालते का, एवढे प्रत्येक तालुक्याने पुढच्या बैठकीला लिहून आणावे.