काचेचा तंतू आणि पाण्याचा पाझर



उन्हाळ्यात विहिरीचे पाणी गार लागते आणि थंडीच्या दिवसांत पहाटे तेच पाणी कोमट लागते, हा आपणा सर्वांच्या अंगवळणी पडलेला अनुभव आहे. वास्तविक खोल विहिरीतल्या झऱ्याचे पाणी दोन्ही वेळा जवळजवळ एकाच उष्णतामानाचे असते. बदलते ती बाहेरची हवा आणि आपले अंग. जमिनीत दहा-पंधरा मीटर खाली गेले की उन्हाळ्या-हिवाळ्याचा फेरा तिथे पोचतच नाही. वर्षभराच्या उष्णतामानाची जी सरासरी, तीच तिथे बारा महिने नांदते. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे. आज मला सांगायचे आहे ते काचेच्या तंतूने पाण्याची गळती कशी शोधतात याविषयी. गळती अनेक ठिकाणी होते. पण मी बोलणार आहे ते मातीच्या धरणाच्या पोटातल्या गळतीबद्दल. कारण भारतात सर्वांत जास्त मोठी धरणे आपल्या महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतली बहुतेक मातीची आहेत.

मातीचे धरण पाझरतेच. मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे कवच, पाण्याच्या बाजूला दगडांचे अस्तर आणि आत वाळू-खडीचे गाळणे, अशी त्याची साधारण रचना असते. गाभ्यातून पाणी मुंगीच्या पावलांनी झिरपते, गाळण्यातून निवळून पायथ्याच्या चरात उतरते. या पाझराला कोणी भीत नाही. भीती असते ती पाण्याबरोबर माती निघू लागण्याची. शेताच्या बांधाला उंदराचे बीळ पडले की काय होते ते मी शेतकऱ्यांना सांगायला नको. आधी चिमूटभर माती वाहते, वाट थोडी रुंद होते, म्हणून पाणी जोराने येते, म्हणून माती जास्त वाहते. बांध वरून शाबूत दिसतो आणि आतून पोकळ होत जातो. धरणातही हेच घडते. पोखरण बहुधा पाणी बाहेर पडते त्या टोकाला सुरू होते आणि उलटी, जलाशयाकडे सरकत जाते. ती जलाशयाला जाऊन मिळाली की मग माणसाच्या हातात काही राहत नाही.

किती वेळ मिळतो? अमेरिकेतील आयडाहो राज्यात टीटन नावाचे सुमारे ९० मीटर उंचीचे मातीचे धरण होते. १९७६ साली ते पहिल्यांदाच भरत होते. ३ जूनला धरणाच्या खाली काही अंतरावर लहानसे झरे दिसले. पाणी स्वच्छ होते. ५ जूनला सकाळी सात-साडेसातच्या सुमारास धरणाच्या उजव्या अंगाला गढूळ पाणी दिसले. साडेदहापर्यंत गळती मोठी झाली. भोक बुजवण्यासाठी दोन बुलडोझर पाठवले, ते दोन्ही त्या भोकाने गिळले; चालक कसेबसे वाचले. दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटले. अकरा माणसे गेली. म्हणजे गढूळ पाणी डोळ्यांना दिसल्यापासून फुटेपर्यंत पुरते पाच तासही मिळाले नाहीत. आणि ही दिवसाढवळ्याची, माणसे जागेवर असतानाची गोष्ट. आपल्याकडे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा तेही मातीचेच होते. भराव खचत चालला होता आणि जवानांनी वाळूची पोती रचून तो रात्रभर सावरला, म्हणून पुण्याला थोडी तरी उसंत मिळाली. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण जुलै २०१९ मध्ये रात्रीच्या वेळी फुटले. तिथली गळती गावकऱ्यांनी आधी कळवली होती. पुढे खेकड्यांवर ठपका ठेवण्यात आला. खेकडे बिळे पाडतात, हे खरे. पण त्यांच्याकडे तक्रारीचे अर्ज येत नाहीत.

तेव्हा पाणी डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी, ते धरणाच्या पोटात असतानाच, त्याचा माग लागला पाहिजे. इथे काचेचा तंतू कामी येतो.

शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. काचेच्या चंचुपात्रात पाणी घ्या. एक कोरडी, रिकामी परीक्षानळी त्यात तिरपी बुडवा आणि वरून पाहा. नळीचा बुडालेला भाग चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकाकेल. आता त्या नळीत थोडे पाणी ओता. जिथपर्यंत पाणी चढेल तिथपर्यंतची चकाकी नाहीशी होईल. कारण असे की दाट माध्यमातून विरळ माध्यमाकडे निघालेला प्रकाश फार तिरपा असेल तर तो पलीकडे जातच नाही, सगळाच्या सगळा मागे फिरतो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. काचेतून हवेकडे जाताना ही मर्यादा सुमारे ४२ अंशांची असते. हवेच्या जागी पाणी आले की ती एकदम ६२ अंशांवर जाते, आणि आधी मागे फिरणारा पुष्कळसा प्रकाश पाण्यात निसटतो. पाणी आले, चकाकी गेली. पाण्याची चाहूल प्रकाशाने ओळखण्याचे मूळ तत्त्व एवढेच आहे.

गंमत अशी की प्रकाश कोंडून वाकड्या वाटेने नेता येतो, हे माणसाने पहिल्यांदा पाण्यातच दाखवले. जिनीव्हात कोलाडन यांनी १८४१ मध्ये आणि लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये टिंडल यांनी १८५४ मध्ये, टाकीच्या भोकातून पडणाऱ्या धारेत प्रकाश सोडला. धार वाकली तसा प्रकाशही तिच्याबरोबर वाकला. पुढे पाण्याच्या धारेची जागा काचेच्या तंतूने घेतली. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांचे यात मोठे काम आहे. १९५४ साली त्यांनी व हॉपकिन्स यांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवले. १९७० पर्यंत पुष्कळ अंतर प्रकाश नेणारी निर्मळ काच तयार झाली आणि आज गावोगावचे इंटरनेट याच तंतूवरून येते. बाहेरच्या काचेच्या वेष्टनासकट हा तंतू जाडीला मिलिमीटरचा आठवा भाग, म्हणजे जाड केसाएवढा असतो.

टाकीत पाणी कुठवर आले हे पाहायचे असेल तर काम सोपे. तंतूचे टोक कोनात घासून ठेवतात. कोरडे असेपर्यंत प्रकाश टोकावरून परत येतो, पाणी लागले की तो निसटतो. तिथे वीज लागत नाही, ठिणगीचे भय नाही. लांबलचक जागेत ओल शोधायची तर दुसरी युक्ती आहे. स्कॉटलंडमधील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात पाणी पिऊन फुगणाऱ्या लगद्याजवळ तंतू ठेवला आणि वरून दोऱ्याचे वेढे दिले. ओल लागताच लगदा फुगतो, तंतू दोऱ्यावर दाबला जातो, त्याला बारीक बारीक वळ्या पडतात आणि तेथून प्रकाश गळतो. बी भिजवल्यावर फुगते तसलाच हा प्रकार. गोदामे, तळघरे, तारांचे बोगदे यांना तो ठीक आहे.

धरणाला मात्र तो चालणार नाही. धरणाच्या पोटात ओल सगळीकडेच असते. “इथे पाणी आहे का?” हा प्रश्न तिथे निरर्थक आहे. “इथे पाणी वाहते आहे का, आणि पूर्वीपेक्षा जोराने वाहते आहे का?” हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर उष्णतामान देते.

सुरुवातीची विहीर आता आठवा. धरणाच्या आतली खोल माती बारा महिने एकाच उष्णतामानाची असते. जलाशयाचे पाणी तसे नसते. ते ऋतूबरोबर तापते व निवते. पाझर अगदी मंद असेल तर हे पाणी वाटेतच मातीचे उष्णतामान घेते आणि बाहेरच्या ऋतूची खूण पुसली जाते. पण एखाद्या जागी पाणी धावू लागले, तर ते आपला ऋतू बरोबर घेऊन आत शिरते. सगळा भराव एकसारखा असताना एकाच ठिकाणची माती हिवाळ्यामागून गारठू लागली आणि उन्हाळ्यामागून तापू लागली, तर ओळखावे की तेथे वाट पडली आहे. ऋतू आत पोचायला जितका कमी उशीर, तितकी वाट मोठी.

हे उष्णतामान तंतूतून कळते कसे? सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कलकत्त्यात दाखवून दिले होते की पदार्थातून जाणाऱ्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंग बदलून विखुरतो. त्यासाठी १९३० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या बदललेल्या रंगांत दोन छटा असतात, मूळच्या एका बाजूची एक आणि दुसऱ्या बाजूची एक. त्यांपैकी निळ्याकडे झुकलेली छटा काच गरम असली की ठळक होते आणि थंड असली की फिकी पडते. दुसरीवर उष्णतेचा फारसा परिणाम होत नाही. दोन्हींचे प्रमाण काढले की त्या जागेचे उष्णतामान मिळते. आता जागा कशी कळायची? डोंगरासमोर हाक मारली की ओ किती वेळाने आली यावरून डोंगर किती दूर ते सांगता येते ना, तसेच. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मीटरभर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो. तंतूत प्रकाशाचा एक ठोका सोडायचा आणि कुठल्या क्षणी काय परतले ते टिपत राहायचे. म्हणजे तंतूचा प्रत्येक मीटर एकेक तापमापक बनतो. परतणारा प्रकाश इतका क्षीण असतो की असे हजारो ठोके सोडून सरासरी काढावी लागते. १९८० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये ही रीत सिद्ध झाली. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेतला तो शोध आज धरणांच्या पोटात राबतो आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

स्वीडनमध्ये जलाशय हिवाळ्यात गोठणबिंदूपाशी जातात, म्हणून तिथे ऋतूची खूण ठसठशीत उमटते. आपल्याकडे हिवाळ्या-उन्हाळ्याच्या पाण्यात तेवढी तफावत नसते. त्यासाठी जर्मनीत म्युनिकच्या तंत्र विद्यापीठात वापरलेली रीत आपल्याला जास्त जवळची वाटते. तंतूच्या दोरातच तांब्याची तार ठेवतात आणि वीज सोडून सगळा दोर थोडा तापवतात. कोरड्या मातीत तो पुष्कळ तापतो, ओल्या मातीत कमी, आणि वाहते पाणी असेल तिथे सर्वांत कमी. चुलीवरून उतरवलेला तवा नुसता ठेवला तर सावकाश निवतो, नळाखाली धरला तर लगेच. बाहेरच्या ऋतूची वाट पाहायचीच नाही. ऋतू आपणच तयार करायचा.

पैठणच्या नाथसागराचे धरण सुमारे दहा किलोमीटर लांब आहे. एवढ्या लांबीवर चौकीदाराने रोज चालावे आणि गवतातला ओला डाग हेरावा, ही अपेक्षा जड आहे. तंतूच्या दृष्टीने मात्र दहा किलोमीटर म्हणजे अगदी बेताचे अंतर. पण यात अडचणीही आहेत. तंतू स्वस्त, त्याला जोडायचे यंत्र महाग. भराव चढत असताना तंतू घालणे सोपे. उभ्या धरणाचा गाभा उकरता येत नाही, म्हणून जुन्या धरणांत तो पायथ्याशी, गाळण्याजवळ चर खणून घालतात. तिथे तो गळतीची जागा सांगतो, उगम सांगत नाही. शिवाय पहिली एक-दोन वर्षे नुसती नोंद ठेवण्यात जातात, कारण नेहमीचे काय ते कळल्याखेरीज वेगळे काय ते कळत नाही. आणि आलेख रोज पाहणारा माणूस नेमला नाही, तर तो दोर पुरला काय नि न पुरला काय!

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धरणांची तपासणी बंधनकारक केली आहे. आपल्या गावच्या तलावात तंतू यायला अवकाश असेल. तोवर शाळेला एक काम करता येईल. वडील माणसांना बरोबर घ्यावे, धरणावर न चढता पायथ्याच्या चरातले पाणी दर आठवड्याला एकाच जागेवरून पांढऱ्या काचेच्या बाटलीत भरून आणावे, तारीख लिहून चिठ्ठी डकवावी आणि बाटली रात्रभर हलवू नये. सकाळी पाणी निवळ असेल तर फक्त वहीत नोंद करावी. तळाशी मातीचा थर बसला असेल, किंवा तलावाची पातळी तीच असताना चरातले पाणी वाढले असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी पाटबंधारे खात्याच्या शाखा अभियंत्याला लेखी कळवावे आणि पोचपावती घ्यावी.