कष्टकऱ्यांचीं दप्तरें वाचणारी बाई
(गांवच्या वाचनालयांत एका मराठी शाळामास्तरांनीं दिलेलें व्याख्यान)



आज मी आपल्याला एका अमेरिकन बाईची हकीगत सांगणार आहें. तिचें नांव नॅटली झेमन डेव्हिस. ही कोणी राणी नव्हे, कोठें लढाई मारलेली वीरांगना नव्हे, इतिहासाची प्राध्यापिका. आम्हां नांगरधऱ्यांना, चांभार-कुंभार-सुतारांना प्राध्यापिकेच्या चरित्राशीं काय करायचें आहे, असें कोणी विचारील. त्यास माझें उत्तर एवढेंच कीं, या बाईनें जन्मभर जीं दप्तरें चाळलीं तीं आपल्यासारख्यांचीं होतीं. आमच्या ट्रेनिंग कॉलेजांत इतिहास म्हणजे राजे, त्यांच्या लढाया आणि तहांचीं कलमें. परीक्षेंत तेंच विचारीत, आम्ही तेंच घोकीत असूं. शेतकरी त्या पुस्तकांत एकदांच येई, तो दुष्काळांत मरण्यासाठीं!

नॅटलीबाईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९२८ रोजीं डेट्रॉइट शहरीं एका खाऊनपिऊन सुखी ज्यू कुटुंबांत झाला. स्मिथ कॉलेजांत शिकत असतां, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यांनीं चँडलर डेव्हिस नांवाच्या गणिताच्या विद्यार्थ्याशीं लग्न केलें. नवरा ज्यू नव्हता. घरच्यांना तें रुचलें नाहीं. पण संसार चौऱ्याहत्तर वर्षें टिकला.

१९५२ सालीं बाई फ्रान्सांतील लियों शहरीं गेल्या. सोळाव्या शतकांतल्या छापखान्यांतील कामगारांवर प्रबंध लिहावयाचा होता. सहा महिने त्यांनीं तेथील दप्तरखाना उपसला. परत आल्या आणि थोड्याच दिवसांत सरकारी माणसें दारांत उभीं राहिलीं व नवराबायकोचे पासपोर्ट घेऊन गेलीं. गुन्हा कोणता? त्या काळीं अमेरिकन काँग्रेसची एक समिती लोकांना बोलावून "तूं कम्युनिस्ट आहेस कां?" असें दरडावीत असे. या समितीविरुद्ध एक पत्रक निघालें होतें. तें लिहिण्यांत बाईंचा हात. छपाईच्या पैशांचा व्यवहार मात्र नवऱ्याच्या नांवावर! १९५४ सालीं चँडलरना समितीपुढें उभें केलें. बोलण्याचें स्वातंत्र्य राज्यघटनेनें दिलें आहे, तुम्हांला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नाहीं, असें म्हणून त्यांनीं उत्तर नाकारलें. मिशिगन विद्यापीठानें त्यांना नोकरींतून काढलें, आणि १९६० सालीं त्यांना सहा महिने तुरुंग भोगावा लागला. तोंवर घरांत तीन लहान मुलें झालीं होतीं.

लियोंचे कागद समुद्रापलीकडे, आणि जावयास परवाना नाहीं. दुसरा एखादा विषय बदलून मोकळा झाला असता. बाईंनीं न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांत जाऊन लियोंमध्यें छापलेलीं जुनीं पुस्तकेंच काढलीं. प्रस्तावना वाचल्या, अर्पणपत्रिका वाचल्या, कोणी कोणासाठीं काय छापलें तें टिपलें. मुलें निजवून, हातांतलीं कामें सारून हें चाले. १९५९ सालीं प्रबंध पुरा झाला व डॉक्टरची पदवी मिळाली.

त्या प्रबंधांतला एक भाग आपल्या धंदेवाल्यांनीं ऐकण्यासारखा आहे. लियोंचे मजूर-मुद्रक जुळारी व दाबवाले होते. त्यांची एक गुप्त जूट होती. १५३९ सालीं मजुरी व जेवण यांवरून त्यांनीं संप केला. पुढें नवा प्रॉटेस्टंट पंथ आला तेव्हां हेच कामगार आघाडीला. १५५१ सालीं ते रस्त्यांतून उघडपणें स्तोत्रें गात फिरले. पण पंथाचे पुढारी जोरांत आल्यावर म्हणूं लागले, तुमची ती जूट मोडा. तेव्हां पुष्कळांनीं पंथाकडेच पाठ फिरविली. गरिबाला फक्त भाकरी कळते, असें कांहीं पंडित म्हणत. गरिबाला फक्त देव कळतो, असें दुसरे म्हणत. बाईंनीं दाखविलें कीं, कामगाराला दोन्ही कळतात, आणि आपल्या माणसांची जूटही कळते.

पण बाईंचें नांव झालें तें अर्तिगा गांवच्या खटल्यानें.

पिरिनीज डोंगराच्या पायथ्याचें हें खेडें. तेथें गेर नांवाचें कुटुंब बास्क मुलुखांतून येऊन राहिलें. शेती आणि कौलांची भट्टी. मुलगा मार्टिन याचें लग्न कोवळ्या वयांत बर्त्रांद द रोल्स या मुलीशीं झालें. आठ वर्षें मूल नाहीं. गांव काय काय बोललें असेल तें सांगावयास नको. मग एक मुलगा झाला. १५४८ च्या सुमारास मार्टिनवर बापाचें थोडें धान्य चोरल्याचा आळ आला व तो घर सोडून निघून गेला. आठ वर्षें पत्ता नाहीं. १५५६ सालीं तो परत आला! बहिणींनीं ओळखलें, चुलत्यानें ओळखलें, बायकोनें ओळखलें. तीन वर्षांवर सुखाचा संसार झाला. आणि मग या मार्टिननें चुलत्याजवळ जमिनीचा हिशेब मागितला.

हिशेब मागेपर्यंत चुलत्याला तो सख्खा पुतण्या होता. मागितल्यावर तो तोतया ठरला. फिर्याद झाली. रियू येथील कोर्टांत सुमारें दीडशें साक्षीदार आले. कोणी म्हणे हाच मार्टिन, कोणी म्हणे हा तर आर्नो द्यू तिल, आणि साठ-एक जण म्हणाले कीं आम्हांला सांगतां येत नाहीं. गांवच्या चांभारानें सांगितलें, मार्टिनचें पायताण बारा मापाचें, याचें नऊ मापाचें. मला सगळ्या खटल्यांत हीच साक्ष वजनदार वाटते. तोंडाला तोंड मिळतें. पाय आखडत नाहीं. तरी तुलूझच्या वरिष्ठ कोर्टांत आरोपी सुटण्याच्या बेतांत होता. मार्टिनच्या बालपणच्या गोष्टी तो बिनचूक सांगे. एवढ्यांत लांकडी पायाचा एक माणूस कोर्टांत येऊन उभा राहिला. खरा मार्टिन! स्पेनच्या फौजेंत त्याचा पाय गेला होता. १६ सप्टेंबर १५६० रोजीं आर्नोला अर्तिगांत मार्टिनच्या घरासमोरच फांसावर चढविलें.

आपल्याकडे तोतया म्हटला कीं पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून आलेला इसम आठवतो. त्याला १७७६ सालीं देहान्त शिक्षा झाली. तो सरदारघरचा तोतया, त्याची आठवण राहणारच. शेतकऱ्याच्या घरचा तोतया लक्षांत राहिला तो न्यायाधीश कोरास यानें १५६१ सालीं खटल्याची हकीगत छापली म्हणून. तिच्यावर कथा-नाटकें पुष्कळ झालीं. १९८२ सालीं फ्रान्सांत चित्रपट निघाला. बाई त्याच्या सल्लागार होत्या. पण चित्रपटांत पुष्कळ गोष्टी वगळल्या गेल्या असें वाटून त्यांनीं स्वतंत्र पुस्तक लिहिलें. तें इंग्रजींत १९८३ सालीं आलें.

इतर सगळे विचारीत, तोतयानें फसविलें कसें? बाईंनीं विचारलें, बायको खरोखर फसली होती काय? नवरा टाकून गेलेला, पुन्हा लग्नाची मोकळीक नाहीं, अंगावर पोर. आलेला माणूस मायाळू. बर्त्रांदनें ओळखलें असावें आणि दोघांनीं मिळून तो संसार उभा केला असावा, असें त्यांनीं मांडलें. यावर रॉबर्ट फिनले या इतिहासकारानें १९८८ सालीं कडक टीका केली: हें कागदांत नाहीं, बाईंनीं आपल्या पदरचें घातलें. बाईंनीं त्याच मासिकांत उत्तर दिलें. माझें मत विचाराल तर, फिनलेंचा आक्षेप पोकळ नाहीं. बर्त्रांदच्या तोंडचा कबुलीजबाब कोठेंच नाहीं. पण बायको म्हणजे मुकी गाय, तिला अंथरुणांतला माणूस ओळखतां येत नाहीं, हेंही कागदांत नाहीं! तें तर पुरुषांनीं आपल्या पदरचें घातलेलें. आणि या कथेंत आपली कल्पना मिसळली आहे, मात्र कागदांनीं तिला लगाम घातला आहे, हें बाईंनीं प्रस्तावनेंतच सांगून टाकलें होतें.

नोकरीचा पाढा थोडक्यांत सांगतों. ब्राउन, टोरोंटो, बर्कले, आणि १९७८ पासून १९९६ पर्यंत प्रिन्स्टन. टोरोंटोंत १९७१ सालीं जिल केर कॉनवे यांच्याबरोबर त्यांनीं स्त्रियांच्या इतिहासाचा वर्ग सुरू केला. १९८७ सालीं अमेरिकन इतिहासकारांच्या संघाच्या त्या अध्यक्ष झाल्या; हा मान मिळविणारी दुसरीच स्त्री. त्याच वर्षीं खुनाची माफी मागणाऱ्या लोकांच्या राजाकडील अर्जांवर त्यांचें पुस्तक निघालें. अर्ज लिहिणारा कारकून आणि बोलणारा अडाणी यांच्यांत गोष्ट कशी घडते हें त्यांत दाखविलें आहे. ज्याला कोर्टांत अर्ज करावा लागला आहे त्याला हें शिकवावयास नको. २०१० सालीं नॉर्वेचें होल्बर्ग पारितोषिक मिळालें. ज्या सरकारनें पासपोर्ट नेला होता त्याच्याच राष्ट्राध्यक्षांनीं, बराक ओबामांनीं, २०१३ सालीं पदक दिलें.

चँडलर २०२२ सालीं वारले. बाई २१ ऑक्टोबर २०२३ रोजीं टोरोंटोंत, वयाच्या चौऱ्याण्णव्या वर्षीं गेल्या. उतारवयांतही काम थांबलें नव्हतें. दक्षिण अमेरिकेंतल्या सुरीनाम देशांत डच मळेवाल्यांनीं आफ्रिकेंतून आणलेले गुलाम होते. मळ्यावर मालक त्यांना शिक्षा देई ती कशी, आणि गुलाम आपसांत आपले न्यायनिवाडे कसे करीत, हें त्या डच कागदांतून शोधीत होत्या.