नाणेघाट, माहुली आणि सिद्धगड

(भाषणाचा मजकूर)

उत्तर कोकणच्या इतिहासाची चर्चा निघाली की सोपारा, कल्याण, वसई ही नावे प्रथम ओठांवर येतात. शहापूर आणि मुरबाड हे तालुके डोंगराआडचे म्हणून मागे राहतात. वस्तुतः त्या बंदरांचा माल घाटमाथ्यावर चढत असे, तो याच मुलखातील वाटांनी.

त्यांतील प्राचीन वाट नाणेघाटाची. मुरबाडकडून वैशाखऱ्यानंतर लागणारी ही चढण जुन्नरच्या पठारावर जाते. माथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आहे. वाटसरू प्रथम त्याच्याभोवतीच जमतात. परंतु खरे धन शेजारच्या लेण्यात आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या काळचा, ब्राह्मी लिपीतील हा प्राकृत लेख अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची व त्यांतील दक्षिणेची नोंद देतो. गायी, हत्ती, घोडे यांच्याबरोबर कार्षापण नाणीही त्यात मोजलेली आहेत. एके ठिकाणी त्यांची संख्या २४,४०० आहे. या संख्या अंकचिन्हांनी लिहिल्या आहेत. शून्याचे चिन्ह त्यांत नाही. दहा, शंभर, हजार यांना निरनिराळी चिन्हे आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या अंकांचा उलगडा केला. गणिताच्या शिक्षकाला याहून बोलका धडा कोठे मिळावा? मागील भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका इत्यादींच्या प्रतिमा होत्या. आज वर नावे आणि खाली पावलांच्या खुणा, एवढेच शिल्लक आहे. लेखाचीही पुष्कळ अक्षरे झिजली आहेत. अशा भिंतीजवळ पेटलेली एक चूल किंवा तिच्यावर कोरलेले एक नाव, दोन हजार वर्षांच्या पावसाने केले नाही ते करून जाते.

शहापूरजवळच्या माहुलीवर १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीची अखेरची झुंज दिली. पुरंदरच्या तहात गेलेला हा गड १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी परत घेतला.

मुरबाडच्या सिद्धगडाची आठवण तुलनेने अलीकडची. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या 'आझाद दस्त्या'ने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठले. त्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील हुतात्मा झाले. कोतवालांनी नुकतीच तिशी ओलांडली होती.

नांगराच्या फाळाला लागलेले नाणे किंवा शेताच्या बांधावरचा वीरगळ याच इतिहासाचा भाग होय. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने घातले आहे. ग्रामसभेत हे एकदा वाचून दाखविल्यास बरे. कोरीव दगड जोत्याच्या बांधकामात गेला, की तो पुन्हा हाती लागत नाही.