नाव आणि आकडा



ज्या शाळेत मी शिकलो आणि पुढे तीस वर्षे इतिहास शिकविला, त्या शाळेने स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. प्रवेशद्वाराशी असलेल्या स्मृतिस्तंभाला वंदन करूनच आपण सर्व या सभागृहात आलो. रणांगणावर देह ठेवलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांच्या पराक्रमाचे वर्णन मी करणार नाही. तो अधिकार त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्यांचा आहे. माझा प्रश्न साधा आहे. दगडावर नाव कशासाठी कोरायचे?

आम्हां बेळगावकरांना सैनिक परका नाही. १७६८ पासूनची परंपरा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्याच कॅम्पात आहे. पहाटेची कवायत ऐकत येथल्या कित्येक पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. आसपासच्या खेड्यांतून, चंदगड-खानापूरच्या डोंगरपट्ट्यातून आणि पलीकडच्या कोकणातून मुले भरतीसाठी येत आली. पहिल्या महायुद्धात ही मुले मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जाऊन पोहोचली. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये पडलेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. उपासमारीने आणि रोगाने खंगलेले सैनिक त्यानंतर कैदेत गेले; अनेक जण परतलेच नाहीत. पुढे ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकतच्या लढाईत ११४ व्या मराठा पलटणीने जे शौर्य गाजविले, त्याचे स्मरण रेजिमेंट आजही अभिमानाने करते.

त्या मोहिमेतील मृतांसाठी १९२९ साली बसरा येथे भव्य स्मारक उभे राहिले. चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक. परंतु त्याच्या फलकांवर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. सामान्य हिंदी शिपायाचे नाव मात्र तेथे नाही. पलटणीचे नाव आणि त्याखाली मृतांचा आकडा, एवढेच. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि क्षमा मागितली. पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांचे नावानिशी स्मरण झाले नाही किंवा मुळीच स्मरण झाले नाही, असे त्या अहवालात नमूद आहे. त्यांत आफ्रिकेतील आणि इजिप्तमधील माणसे मोठ्या संख्येने होती.

दूरच्या बसऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्याकडील कित्येक गावांच्या चावडीवर अथवा शाळेच्या भिंतीत त्या काळच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा त्यांवरील मजकूर. तेथेही आकडाच. गाव लहान, सारी माणसे एकमेकांच्या ओळखीची. म्हणून त्या वेळी कदाचित कोणाला उणीव भासली नसेल. ओळखणारी पिढी गेली आणि पाटीवर उरली ती निव्वळ बेरीज.

आता जे सांगणार आहे, ते माझ्या स्वतःच्या चुकीविषयी आहे. आपल्या स्तंभाची यादी करण्यासाठी नेमलेल्या समितीत मीही होतो. शाळेची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाच माजी विद्यार्थी मानावे, अशी सूचना तेव्हा मीच मांडली. नियम काटेकोर असावा, एवढाच माझा हेतू होता. काही दिवसांनी एक शेतकरी गृहस्थ मला भेटावयास आले. "गुरुजी, माझा धाकटा भाऊ तुमच्याच वर्गात होता. परीक्षा दिली नाही, भरतीला गेला. तो या शाळेचा नव्हे काय?" असे त्यांनी विचारले. मी जनरल रजिस्टर काढले. त्या मुलाच्या नावापुढे शेरा होता : 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' अक्षर माझे होते.

तो मुलगा मला आठवला. वर्गात वयाने सर्वांत थोरला, मागच्या बाकावर बसणारा, शेताच्या कामामुळे वारंवार घरी राहणारा. तो का येत नाही, याची चौकशी मी कधी केली नव्हती. मी रजिस्टरातून त्याचे नाव कमी केले आणि पुढे तो सीमेवर धारातीर्थी पडला. आता स्तंभावरूनही त्याचे नाव मीच दुसऱ्यांदा कमी करू पाहत होतो.

पुढच्याच बैठकीत मी माझी सूचना मागे घेतली. ज्याचे नाव एकदा या शाळेच्या रजिस्टरात दाखल झाले, तो आपला, असे एकमताने ठरले. नावे हुद्द्याच्या क्रमाने न लावता वर्णानुक्रमे लावली. अधिकारी आणि शिपाई शेजारी शेजारी आले. लष्करी कागदपत्रांत काही आडनावांची रूपे बदलली होती. ती घरच्यांना विचारून दुरुस्त केली. या कामास विलंब लागला, पण तो सार्थकी लागला.

स्तंभाच्या अनावरणाला त्या मुलाची आई आली होती. त्या माउलीला अक्षरओळख नव्हती. "माझं लेकरू यात कुठं हाय, दाखवा गुरुजी," त्या म्हणाल्या. मी त्यांचे बोट नावावर टेकविले. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत त्यांनी ते सावकाश फिरविले आणि हात जोडले.

नाव कशासाठी कोरायचे, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. बसऱ्याच्या फलकावरील आकड्यावर बोट ठेवून कोणती आई आपला मुलगा शोधणार?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. दरवर्षी या दिवशी ती सर्व नावे मोठ्याने, स्पष्ट उच्चारात वाचा. आणि शिक्षकबंधूंना माझी विनंती : हजेरी घेताना जो मुलगा 'हजर' म्हणत नाही, तो कोठे आहे, याची चौकशी अवश्य करा. मी ती केली नव्हती.

जय हिंद.